कोल्हापुरात घर बघताना एरिया नको, गल्ली विचारा

तुमची नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, पत्नी सीपीआर या सरकारी रुग्णालयात नर्स म्हणजे पाळ्या आल्या, मुलगी अकरावीला, आणि प्रश्न असा की राहायला सुरक्षित एरिया कुठला. आतापर्यंत तीन उत्तरं आली आहेत. नागाळा पार्क, ताराबाई पार्क सोडून बघूच नका. पाचगावकडे फिरकू नका. पेठा म्हणजे नुसती गर्दी आणि भांडणं. यांतल्या एकाही उत्तरावर घर ठरवू नका. एकाच एरियात एक गल्ली उत्तम आणि पुढची राहण्याच्या लायकीची नाही, असं या शहरात सर्रास आहे. आणि चोराच्या आधी बघायचं ते पाणी.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ साली ५६ च्या वर. तेव्हा पाणी फक्त झोपड्यांत शिरलं नाही. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्यापारी पेठ, लक्ष्मीपुरीचा खालचा भाग, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, रमणमळा, बापट कॅम्प, कसबा बावड्याचा नदीकडचा भाग, दुधाळी, उत्तरेश्वर आणि शुक्रवार पेठेचा उतार, आणि ज्याचं नाव तुम्हाला डोळे झाकून सुचवलं गेलं त्या नागाळा पार्कातल्याही सखल गल्ल्या पाण्यात होत्या. त्याच नागाळा पार्कचा चढावरचा भाग कोरडा होता. म्हणून म्हणतो, गल्ली विचारा.

विचारायचं कसं? मालकाला ‘पूर येतो का’ असं विचारलंत तर ‘नाही, कधीच नाही’ हेच उत्तर मिळणार. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, आणि मालकापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला विचारा. २०१९ आणि २०२१ ला पाणी रस्त्यावर होतं की घरात? घरात असेल तर कितव्या पायरीपर्यंत? त्या दिवसांत बाहेर पडायचा रस्ता कुठला होता? मग स्वतः बघा. तळमजल्यावरच्या किंवा पार्किंगच्या भिंतीचा गिलावा एका सरळ रेषेपर्यंत फुगलेला आणि त्याच्या वर ठणठणीत असेल, तर ती साधी ओल नव्हे. साधी ओल वाकडीतिकडी, डागाडागाने चढते. पुराची रेघ सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला असते. विजेचे मीटर डोक्याच्याही वर नव्याने बसवलेले दिसले तर तेही कशामुळे ते विचारून घ्या. फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो गट किंवा सर्व्हे नंबर निळ्या रेषेच्या आत आहे की लाल रेषेच्या, हे लेखी मागा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल.

‘आम्ही चौथ्या मजल्यावर, आम्हाला काय’ हा युक्तिवादही ऐकाल. मजला कोरडा राहतो, पण वीज तोडावी लागते, लिफ्ट बंद, जमिनीतल्या टाकीत गढूळ पाणी, गाड्या पाण्यात. पत्नीला ड्युटीवर जायचं असताना बोटीची वाट बघणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे. एक मात्र मान्य केलं पाहिजे: पिण्याच्या पाण्याचे हाल सगळ्या शहराचे होतात. २०१९ ला शिंगणापूरसारखी उपसा केंद्रंच बुडाली, तेव्हा उंचावरच्या घरांतही नळ कोरडे होते. त्यामुळे कुठेही राहिलात तरी स्वतंत्र बोअर आहे का, हा प्रश्न यादीत ठेवा.

नदीच्या पाण्यापेक्षा वेगळं पाणी ओढ्याचं. नदी फूटफूट चढते, दोन दिवस आधी अंदाज येतो, सामान हलवता येतं. जयंती नाल्याचं पाणी ढगफुटीसारखा पाऊस झाला की तासाभरात घरात शिरतं आणि तसंच उतरतं. कळंबा-पाचगावकडच्या उतारावरचं पाणी रामानंदनगरच्या बाजूने शहरात येतं. तिथे नदी मैलभर लांब आहे म्हणून नाल्याकाठचं घर निर्धास्त घेऊ नका. शिवाय पंचगंगा फुगलेली असली की नाल्याला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी मागे फिरतं. नाल्यापासून घर किती मीटर लांब आहे यापेक्षा नाल्याच्या काठापेक्षा जोतं किती उंच आहे ते बघा.

आता चोरी आणि गुंडगिरी. ‘शाहूपुरी ठाण्यात सर्वाधिक गुन्हे’ अशी बातमी वाचून लोक शाहूपुरीला नावं ठेवतात. त्या हद्दीत मध्यवर्ती बसस्थानक आहे. एसटीत चढताना पर्स गेली, गंठण गेलं, मोबाईल मारला, हे सगळे आकडे त्या ठाण्याच्या खात्यावर पडतात. महाद्वार रोडच्या गर्दीतली पाकीटमारी तशीच जुना राजवाडा ठाण्याच्या नावावर. हे आकडे गर्दीचे आहेत, तिथे राहणाऱ्यांच्या घराचे नाहीत.

खरं चित्र हवं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ उघडा, कोल्हापूर जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडा, आणि मागच्या चार-सहा महिन्यांवरून नजर फिरवा. कलमं लक्षात ठेवा: भारतीय न्याय संहितेचं ३०३ म्हणजे साधी चोरी, ३०४ हिसकावून नेणं, ३०५ घरातली चोरी, ३३१ घरफोडी. ३३१(३) दिवसाची, ३३१(४) रात्रीची. जुलै २०२४ च्या आधीचं बघत असाल तर हीच घरफोडी जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४५४ आणि ४५७ खाली सापडेल. तुमच्या कामाची कलमं ३३१ आणि ३०४. त्यातलं घटनास्थळ वाचा. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील तक्रारी तिथे टाकत नाहीत, म्हणून बायकांसाठी परिसर कसा आहे ते या यादीवरून ठरवू नका. ते तिथल्या बायकांनाच विचारा.

पाचगाव, आर. के. नगर, उजळाईवाडी या बाजूचं भय बरंचसं जुन्या टोळीयुद्धाच्या बातम्यांतून आलेलं आहे. नोकरदार कुटुंबाला त्याची झळ क्वचितच लागते. तिथला खरा प्रश्न बंद बंगल्यांचा. घरं सुटी सुटी, मध्ये मोकळे प्लॉट, नवरा-बायको दोघेही कामाला, गल्लीत दुपारी चिटपाखरू नाही. बाहेरून लावलेलं मोठं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही याची पाटीच. कोयंड्याचे स्क्रू लाकडात जेमतेम अर्धा-पाऊण इंच गेलेले असतात. कटावणी घातली की कुलूप शाबूत आणि कोयंडा हातात. दाराच्या आत बसणारं लॉक घ्या, कोयंडा ठेवायचाच तर आरपार बोल्ट आणि आतून नट लावा. पुढच्या दाराला सेफ्टी डोअर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक बारीक कडी, ही इथली नेहमीची चूक. मागच्या दाराला लोखंडी आडणा बसवा. कॅमेरा लावलात तर डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच काढून नेतात.

पेठांबद्दल मात्र फार अन्याय होतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथे दारं थेट रस्त्यावर उघडतात, तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत माणसं असतात, नवखा माणूस दोनदा फिरला तर कोणीतरी हटकतं. रात्री एकट्या बाईला हे बोळ पॉश कॉलनीच्या अंधाऱ्या रस्त्यापेक्षा कितीतरी बरे. अडचणी वेगळ्या: गाडी लावायला जागा नाही, काही बोळांत अग्निशमनची गाडी शिरत नाही, फुटबॉलचा तापलेला सामना किंवा गणपतीची मिरवणूक असेल तेव्हा रस्ते बंद. जुन्या वाड्यात खोली घेणार असाल तर पावसाळ्याआधी माळवदाची (मातीच्या सपाट छताची) आणि मातीच्या भिंतींची अवस्था बघितल्याशिवाय नको.

तुमच्यासाठी टाकाळा, राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, सम्राटनगर, प्रतिभानगर, सागरमाळ या पट्ट्यात बघा. उंच भाग, माणसांचा वावर, आणि विद्यापीठाकडून हायवेला लागून गोकुळ शिरगावला जाता येतं. या वाटेवर सायबर चौक जपून. उतारावरून वाहनं वेगात येतात आणि जून २०२४ मधला तिथला अपघात कोल्हापूर विसरलेलं नाही. हायवेच्या सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचाही भरवसा नाही. पत्नीला सीपीआरला जायला जोराच्या पावसात परीख पूल टाळावा, तिथे पाणी तुंबतं. पुराच्या दिवसांत बिंदू चौक, शिवाजी चौक, भाऊसिंगजी रोड असा वरून रस्ता धरावा. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, फेऱ्या रात्री विरळ होतात, म्हणून स्टॉपपासून दारापर्यंतचा शेवटचा टप्पा रात्री साडेनऊला स्वतः चालून बघा, शक्यतो पत्नी आणि मुलीसह. दिवे लागतात का, कुठलं दुकान उघडं असतं, कोंडाळ्याजवळ कुत्र्यांची टोळी आहे का, एवढं दहा मिनिटांत कळतं. दिवसा बघितलेल्या घराचा टोकन रात्रीच्या या फेरीआधी देऊ नका.

घर ठरलं की मालकाकडून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवून घ्या आणि तिची पोच स्वतःकडे ठेवा. ११२ बरोबर तुमच्या हद्दीच्या ठाण्याचा नंबरही तिघांच्या फोनमध्ये असू दे. उचगावला गांधीनगर ठाणं आणि उजळाईवाडीला गोकुळ शिरगाव, अशी हद्द रस्त्यागणिक बदलते, ती आधीच विचारून ठेवा.