हॉटेलची हरित खरेदी गोदामाच्या दारापासून सुरू करा

हरित खरेदी म्हणजे कचरा आणि पर्यावरणाची हानी कमी करणारी खरेदी. त्यासाठी पुरवठादारांकडे पर्यावरणपूरकतेची प्रमाणपत्रं मागण्याआधी महिनाभर मालासोबत येणारा पुठ्ठा, थर्माकोल, प्लास्टिक वेगवेगळं तोलून नोंदवा. आकडा भरलेल्या खोल्यांच्या संख्येने भागा, नाहीतर मंदीच्या महिन्यातली घट तुम्ही बचत समजून बसाल. मग पुरवठादाराकडे परत जाणाऱ्या क्रेटमधूनच भाजी घ्यायची, ही अट खरेदी आदेशातच लिहा. तोंडी ठरलेलं हमखास विरतं. क्रेट धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या कोपऱ्यांत बुरशी धरते आणि पुढचा माल लवकर सडतो. छोट्या बाटल्यांऐवजी लावायचे शाम्पूचे डिस्पेन्सर (पुन्हा भरता येणारे, दाबून शाम्पू काढायचे डबे) कुलूपवालेच घ्या, आणि उरलेल्या शाम्पूवर नवा कधीच ओतू नका. आधी रिकामा करून धुवा. नुसता खरेदीभाव पाहिलात तर हे सगळं महाग वाटेल. कचरा उचलण्याचा आणि नासाडीचा खर्च धरूनच दोन पुरवठादारांची तुलना करा.