मुलगी चॅपलमध्ये जाऊन बसते, काळजी करू का?

मी समुपदेशक आहे. शिकायला परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा विषय बहुधा मार्कांचा, पैशांचा नाहीतर लग्नाचा असतो. अलीकडे मात्र आणखी एक काळजी वरचेवर कानावर येते. मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाच्या चॅपलमध्ये, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चसारख्या प्रार्थनागृहात, जाऊन बसते, तेही रोज. घरी कुणी आपणहून सांगितलेलं नसतं, बोलता बोलता कळलेलं असतं. मग झोप उडते. धर्म बदलणार का? कुणाच्या नादी लागली का? अभ्यास सोडून हे काय भलतंच?

दर वेळी फोनवर अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच महिन्यांचं बोलणं चार-दोन प्रसंगांत आणलं आहे.

मुलगी अमेरिकेत एमएस करत होती. एकदा कॉलवर मागून ऑर्गनचे सूर ऐकू आले, आईने विचारलं, "कुठे आहेस गं?" आणि मुलीने खरं ते सांगून टाकलं. आई घाबरली. वडील इंजिनीयर, ते घाबरले नाहीत, चिडले. "विद्यापीठात प्रार्थनास्थळ हवंच कशाला, मॅडम? प्रयोगशाळा असाव्यात, ग्रंथालय असावं. श्रद्धा ज्याची त्याने घरी ठेवावी."

हा आक्षेप मी कधीच झटकून टाकत नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकचाही तोच आक्षेप होता. केंब्रिजमध्ये चर्चिल कॉलेज हे विज्ञानावर भर देणारं नवं कॉलेज उभं राहत होतं. तिथे चॅपल बांधायचं ठरलं म्हणून 1961 साली त्याने तिथली फेलोशिप, म्हणजे कॉलेजचं सदस्यत्व, सोडली. चॅपल झालं, पण कॉलेजच्या मुख्य इमारतींपासून लांब, आवाराच्या टोकाला आणि वेगळ्या पैशातून. वडिलांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा सैलावून बसले. आपलं म्हणणं या बाईंना कळतंय, एवढा विश्वास बसला की पुढचं ऐकलं जातं.

पुढचं असं. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली धर्माची अट 1871 च्या कायद्याने गेली. हार्वर्डमधली प्रार्थनेची सक्ती 1886 साली उठली. सक्ती गेली, चॅपल राहिली. आज तिथे हजेरी लागत नाही. जे मूल जातं ते आपल्या पायांनी जातं. आणि एमआयटी तर तंत्रज्ञानाचंच माहेरघर. तिथे 1955 साली एरो सारिनन या वास्तुशिल्पीने विटांचं गोल चॅपल बांधलं, कुठल्याही एका पंथाचं नसलेलं. भिंतींना नेहमीसारख्या खिडक्या नाहीत. छतातल्या गोल झरोक्यातून उजेड थेट वेदीवर उतरतो, आणि बाहेरच्या उथळ पाण्यावरून परतलेला उजेड आतल्या भिंतींवर खालून हलत राहतो. मी वडिलांना विचारलं, "यंत्रं आणि समीकरणं शिकवणाऱ्या संस्थेला ही जागा का बांधावीशी वाटली असेल?" ते म्हणाले, "विचार करतो." मला तेवढं पुरेसं होतं.

मुलगी स्वतः बोलायला तयार झाली, हे महत्त्वाचं. सुरुवातीला ती फक्त बचाव करायची. मी आईच्या बाजूने आले आहे असंच तिला वाटत होतं. मग एका सत्रात मी साधंच विचारलं.

"तिथे जाऊन काय करतेस?"

"काहीच नाही."

"प्रार्थना?"

"नाही. मला येतही नाही. मागच्या बाकावर बसते. फोन बंद करून."

"शांतता तर ग्रंथालयातही असते की."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ग्रंथालयात सगळे काहीतरी संपवायला बसलेले असतात."

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने आपली हुशारी आवरायची असते, आणि इतक्या वर्षांत ते मला जमायला लागलंय याचं मला समाधान आहे. थोड्या वेळाने तीच पुढे बोलू लागली. "एक मुलगा संध्याकाळी ऑर्गनचा सराव करतो. एका ठरावीक जागी चुकतो. थांबतो, दोन ओळी मागे जातो, पुन्हा वाजवतो. पुन्हा तिथेच चुकतो."

"मग?"

"मग काही नाही. कुणी काही म्हणत नाही. तोही वैतागत नाही. परत सुरू करतो."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. मग सगळं बाहेर आलं. दोन कोर्समध्ये ग्रेड घसरली होती, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तीनच्या खाली गेला होता, विभागाने प्रोबेशनचं, म्हणजे ग्रेड सुधारा नाहीतर प्रवेश धोक्यात येईल अशा इशाऱ्याचं, पत्र पाठवलं होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, रूममेटलाही नाही. दिवसभर सगळं सुरळीत असल्यासारखं वागायचं आणि संध्याकाळी अशा ठिकाणी जाऊन बसायचं, जिथे दुसरं कुणीतरी उघडपणे चुकत होतं आणि तरी तिथून उठवलं जात नव्हतं.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाचं मी फार मानते. माणूस एकटं राहायला शिकतो ते कुणाच्या तरी सोबतीत, असं त्यांनी मांडलं. आई जवळ असते, काही मागत नाही, काही विचारत नाही, आणि मूल आपल्या नादात खेळतं. त्या खेळण्यातून स्वतःपाशी शांत बसण्याचं बळ येतं. चॅपलमध्ये मला नेमकं हेच दिसतं. वसतिगृहाची खोली एकटीची असते, पण तिथे सोबत नसते. कॅन्टीनमध्ये सोबत असते, पण तिथे चेहरा सांभाळावा लागतो. चॅपलमध्ये दार उघडं असतं, चार माणसं इकडेतिकडे बसलेली असतात, आणि कुणी तुमच्याकडे निकाल मागत नाही.

विद्यापीठात प्रवेशापासून पदवीपर्यंत मुलांचं सतत मोजमाप चालतं. ते चालणारच, त्यासाठीच मुलं तिथे गेलेली असतात. म्हणूनच त्याच आवारात मोजमाप थांबेल अशी एक जागा विद्यापीठाने जिवापाड जपायला हवी, असं माझं ठाम मत आहे. जागेची टंचाई आली की "याचं बहुउद्देशीय सभागृह करू" असं कुणीतरी सुचवतंच. अशा वेळी एक आठवावं: कॅम्पसवर एखादा विद्यार्थी अचानक गेला, तर त्या रात्री मुलं कुठे जमतात? देव मानणारी आणि न मानणारीही. ती गरज ऐनवेळी खुर्च्या मांडून भागत नाही. त्या जागेची ओळख आधीपासून असावी लागते.

आईशी मी वेगळं बोलले. मुलीने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय मी सांगणार नव्हते. एवढंच विचारलं, "फोन केलात की पहिलं काय विचारता?"

"जेवलीस का."

"मग?"

"सबमिशन झालं का. प्रोफेसर काय म्हणाले. इंटर्नशिपचं काय." त्या थबकल्या. "म्हणजे ताई, ती तिथे जाते कारण तिथे तिला कुणी काही विचारत नाही?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी फोनवर एकही चौकशी केली नाही, नुसत्या स्वतःच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्या आठवड्यात मुलीने प्रोबेशनचं सांगितलं. वडील रागावले नाहीत. पुढच्या सेमिस्टरला तिने कमी कोर्स घेतले, जीपीए सावरला. ती अजून चॅपलमध्ये जाते. तिचा धर्म होता तोच आहे.

आता तुमच्या घरचं. मूल चॅपलमध्ये जातंय हे कळलं तर पहिला प्रश्न "का?" असा विचारू नका. "तिथे काय काय दिसतं?" असं विचारा. मूल वर्णन करू लागलं की त्यात त्याचं मन येतंच. चॅपलमध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी नेमलेला धर्मसेवक असतो, त्याला चॅप्लेन म्हणतात. चॅप्लेन म्हणजे धर्मांतर करणारा माणूस, ही भीतीही सोडा. कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्याचं ऐकून घेणं हे त्यांचं कामच असतं, आणि येल, प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठांनी हिंदू चॅप्लेनही नेमले आहेत.

काळजी करण्यासारखं कधी असतं, तेही सांगते. एखादा गट जुन्या मित्रांशी बोलू नको म्हणतो, घरी सांगू नको म्हणतो, पैसे मागतो, एक दिवस गेलं नाही तर जाब विचारतो, तेव्हा सावध व्हा. असा गट कुठल्याही धर्माच्या नावाने किंवा धर्माशिवायही भेटू शकतो. आणि झोप-जेवण बिघडलं, मूल "कशातच अर्थ नाही" असं बोलू लागलं, तर नुसतं चॅपल पुरणार नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राला त्याच दिवशी फोन करायला सांगा. एकट्याने जायची हिंमत होत नसेल, तर चॅप्लेनला सोबत यायला सांगता येतं.