जन्मतः दुभंगलेल्या वरच्या हिरडीची फट भरायला हाड कुठून घ्यावं?

सुरुवातीला तरी कंबरेचंच हाड घ्या, इलियाक क्रेस्टचा, म्हणजे त्या हाडाच्या वरच्या कडेचा, पुढचा भाग. तिथे स्पंजी हाड भरपूर मिळतं, ते लवकर रुजतं आणि सुळा त्यातून खाली उतरू शकतो. म्हणूनच मूल साधारण 8 ते 11 वर्षांचं, सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन-तृतीयांश तयार, ही वेळ चुकवू नका.

छेद या कडेच्या पुढच्या टोकाच्या निदान 1 सेंटीमीटर मागे घ्या. पुढे सरकलात तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस दुखावते आणि तिथे बधिरपणा येतो. मुलांमध्ये वरची कूर्चा झाकणासारखी उचला, आतलं हाड चमच्याने खरवडा, झाकण पुन्हा नीट शिवा. काढलेलं हाड सलाइनने ओल्या गॉजमध्ये ठेवा. कोरडं पडलं की पेशी मरतात.

हनुवटीतून हाड कमी मिळतं, शिवाय दातांची मुळं जवळ. टिबियात, म्हणजे नडगीच्या हाडात, वाढीची पट्टी असते, मुलांमध्ये टाळाच. बरगडीचं हाड भरलं तर त्यातून दात नीट उतरत नाही.

आणि नाकाचा तळ आधी पाणी गळणार नाही इतका पक्का शिवा. तिथे भोक राहिलं तर जंतुसंसर्ग होऊन उत्तम ग्राफ्टही (भरलेलं हाड) वाया जातो.