होमकमिंगच्या नृत्याला नववीतल्या मुलीला पाठवावे का?

आपली मुलगी यंदा टेक्ससमधील हायस्कुलात नववीत गेली असून शाळेच्या होमकमिंगला जाण्याची परवानगी मागते आहे. हा प्रकार नेमका काय असतो आणि तिला पाठवावे का, असे आपण विचारले आहे. मी डॅलसच्या एका उपनगरात सोळा वर्षे राहते आणि माझ्या दोन्ही मुली इथल्याच शाळेत शिकल्या. थोरलीच्या वेळी घेतलेला निर्णय मी धाकटीच्या वेळी बदलला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते: अवश्य पाठवा, आणि विचार केवळ शनिवारच्या नृत्यापुरता करू नका.

होमकमिंग हा मुळात माजी विद्यार्थ्यांना परत बोलावण्याचा सोहळा आहे. आपल्याच राज्यातील वेको येथील बेलर विद्यापीठाने नोव्हेंबर १९०९ मध्ये असा सोहळा भरवला होता. १९११ मध्ये मिझुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्सासविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या कोलंबिया शहरी येण्याचे आवाहन केले, आणि पहिले होमकमिंग आमचेच, असे बेलर आणि मिझुरी या दोन्हीकडचे लोक आजही सांगतात. विद्यापीठांकडून ही प्रथा हायस्कुलांत आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील एक आठवडा त्यासाठी राखलेला असतो. रोज वेगळा पोशाख ठरलेला असतो, म्हणजे एक दिवस पायजमा घालून यायचे, एक दिवस मैत्रिणीशी जुळणारे कपडे घालायचे, असे. गावातून चित्ररथांची मिरवणूक निघते, शुक्रवारी दुपारी जिममध्ये, म्हणजे शाळेच्या क्रीडागृहात, सगळी शाळा जमून संघाला प्रोत्साहन देते, रात्री फुटबॉलचा सामना होतो आणि मध्यंतरात बारावीतील राजा-राणीची नावे जाहीर होतात. नृत्य त्यानंतर, बहुधा शनिवारी.

टेक्ससमध्ये याला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, ती म्हणजे ‘मम’. मम म्हणजे शेवंती. पूर्वी मुलगा मुलीला खऱ्या शेवंतीचे फूल देत असे. आता फूल कापडी असते, त्याखाली गुडघ्यापर्यंत, कधी त्याच्याही खाली, शाळेच्या रंगांच्या फिती लोंबतात, आणि त्यांत छोट्या घंटा, अस्वले, दिवे आणि चिकट अक्षरांत लिहिलेली नावे असतात. बारावीच्या मुलींचा मम पांढरा-चंदेरी असतो. मुलगे त्याचीच लहान आवृत्ती दंडावर बांधतात. शुक्रवारी हे सगळे अंगावर घेऊन मुली दिवसभर वर्गात बसतात, आणि त्या दिवशी शाळेच्या दारात उभे राहिले तर आतून नुसता घंटांचा किणकिणाट ऐकू येतो.

थोरली नववीत असताना मी नाही म्हटले होते. ‘डान्स’ हा शब्द ऐकूनच मी ठरवून टाकले, चौकशी केली नाही. ती वाद घालत बसली नाही. पण त्या शुक्रवारी तिला आणायला गेले तेव्हा फिती सावरत बाहेर पडणाऱ्या मुलींच्या मागून ती साधा टी-शर्ट घालून एकटी आली आणि गाडीत बसल्यावर घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. ज्या गोष्टीला मी जोडीदाराचा मामला समजत होते, ती तिच्या दृष्टीने वर्गात सामील असण्याची गोष्ट होती, हे मला फार उशिरा कळले आणि त्याची खंत अजून आहे.

धाकटीच्या वेळी आम्ही मम घरी केला. दुकानातून तयार घेतल्यास शंभर-दोनशे डॉलर सहज जातात. हस्तकलेच्या दुकानातून फिती आणि पुठ्ठा आणून आम्ही जेवणाच्या टेबलावर तीन रात्री ग्लू गन घेऊन बसलो. माझी बोटे भाजली, पण त्या तीन रात्रींत शाळेबद्दल ती जेवढे बोलली तेवढे आधीच्या सबंध वर्षात बोलली नव्हती. तिला कोणी मुलाने विचारले नव्हते आणि त्याने काही बिघडले नाही. दोघी मैत्रिणींनी एकमेकींना मम दिले, फितींवर एकमेकींची नावे लावली. तसे करणाऱ्या मुली आता खूप असतात. त्या शनिवारी आमच्या मंडळाचा भोंडलाही होता. दुपारी हत्तीभोवती फेर धरून, खिरापत खाऊन ती संध्याकाळी मैत्रिणींबरोबर शाळेत गेली. दोहोंपैकी एकच निवडायला मी तिला लावले नाही, याचे मला समाधान आहे.

आपली काळजी मुख्यतः नृत्याची असणार. आमच्या शाळेत ते जिममध्येच होते, तिकीट आणि ओळखपत्राशिवाय आत घेत नाहीत, बाहेरच्या शाळेतील पाहुण्यासाठी आधी अर्ज भरावा लागतो, आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश मिळत नाही. आत शिक्षक आणि स्वयंसेवक पालक असतात. आपण स्वतः नाव नोंदवू शकता, मात्र मुलीला विचारून. खरी चौकशी करायची ती नृत्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेची: फोटो कुठे काढणार, जेवण कुठे, गाडी कोण चालवणार, आणि नंतर कोणाच्या घरी जमणार असतील तर तिथे आईवडील आहेत का. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीतून पाठवू नका, स्वतः सोडा आणि स्वतः आणा. त्या घरच्या पालकांना फोन करण्यात संकोच बाळगू नका. इथले पालकही करतात.

शुक्रवारच्या सामन्याला मात्र आपण दोघेही जा. खेळाचे नियम कळले नाहीत तरी चालेल. मध्यंतरात बँड मैदानात उतरला की आपली मुलगी कोणाच्या शेजारी बसते, कोणाला हाक मारते, हे लांबून दिसते. ममच्या फिती तेवढ्या लवकर आणा. शेवटच्या आठवड्यात शाळेच्या रंगाची एकही फीत दुकानात उरत नाही.