रिस्टोअर करण्याआधी कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची तारीख बघा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१६ सालची आमची भोसरीची ईएमआय लॅब (उपकरणांतून बाहेर पडणारा विद्युतचुंबकीय गोंगाट मोजणारी) डोळ्यांसमोर आली. विंडोज एक्सपीवर चालणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं मशीन), टकटक करणारी हार्ड डिस्क, "नेटवर्कवरून काढा" म्हणून मागे लागलेले आयटीवाले, सगळं तेच. तुम्ही विचारलंय, डिस्कवर कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन (सिस्टिम परत बसवण्यासाठी राखलेला भाग) आहे, ते पुरेल का? नाही पुरणार. जिला घरघर लागलीय त्याच डिस्कवर ते पार्टिशन आहे.

इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, कशी काढायची ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला येत असणार. आम्ही चुकलो रिस्टोअर करताना, म्हणजे ती नक्कल डिस्कवर परत उतरवताना.

आमच्याकडे जानेवारीत काढलेली अख्ख्या डिस्कची इमेज होती. मार्चमध्ये मशीन बाहेर कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) गेलं आणि अ‍ॅडजस्टमेंट होऊन, म्हणजे चूक भरून काढणारी नवी करेक्शन्स बसवून, परत आलं. ऑगस्टमध्ये बूट व्हायचं थांबलं. नवी डिस्क बसवली, जानेवारीची इमेज जशीच्या तशी उतरवली, स्क्रीन आली, सेल्फ अलाइनमेंट (मशीन स्वतःच स्वतःला जुळवून घेतं ती) पास. त्याच संध्याकाळी काम सुरू केलं.

अकराव्या दिवशी नेहमीचा चेक घेतला. सिग्नल जनरेटरमधून ३ गिगाहर्ट्झला उणे २० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), तीच केबल. वहीत महिनोन् महिने उणे २०.३ लिहिलेलं, स्क्रीनवर उणे २१.४. केबल बदलली, कनेक्टर टॉर्क रेंचने पुन्हा आवळला, तरी २१.४च. मग लक्षात आलं की मार्चची नवी करेक्शन्स त्या जुन्या डिस्कवरच लिहिलेली होती आणि इमेजने जानेवारीची परत आणली. आमच्या मशीनची अलाइनमेंट आतल्या ५० मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर व्हायची, त्यामुळे ती पास होणारच. वरच्या फ्रिक्वेन्सीचं करेक्शन फाइलमधून येतं, आणि फाइल जुनी.

रीडिंग १.१ डीबीने कमी, म्हणजे गोंगाटाच्या लिमिटच्या वर असलेला माल लिमिटखाली दिसतो. त्या अकरा दिवसांत सहा रिपोर्ट गेले होते, त्यातल्या दोघांना लिमिटपासून १ डीबीसुद्धा मोकळीक नव्हती. दोन्ही ग्राहकांना मी स्वतः फोन केला आणि आमच्या खर्चाने पुन्हा टेस्ट केली. एक नापास झाला. त्या माणसाचा माल तोवर निघून गेला होता.

याचा अजूनही राग येतो, कारण रिस्टोअरच्या आधी मी एका सर्व्हिस ऑफिसला एका ओळीचा प्रश्न विचारला होता: कॅलिब्रेशनच्या फाइल्स कुठल्या पार्टिशनवर आहेत? आधी "एएमसी (वार्षिक देखभाल करार) आहे का?", मग "मशीन पाठवा, बघून सांगतो". तीन आठवडे मेल चालले, पार्टिशनचं नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. एवढी माहिती अडवून ठेवायचं कारण मला आजही कळलेलं नाही.

म्हणून माझं ठाम मत: प्रत्येक कॅलिब्रेशननंतर त्याच आठवड्यात नवी इमेज, आणि तिच्या नावातच सर्टिफिकेटची तारीख. कॅलिब्रेशन डेटाची वेगळी कॉपी बाहेरच्या डिस्कवर. रिस्टोअर करायचं तर शक्यतो फक्त सिस्टिमचं पार्टिशन, आणि चेक घेतल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर नाही. मी सर्व्हिस इंजिनिअर नाही, मॉडेलप्रमाणे रचना बदलते, काही मशीनमध्ये हा डेटा बोर्डवरच्या मेमरीत असतो. तुमचं मॅन्युअल बघा. सील तोडून डिस्क बाहेर काढणार असाल तर वॉरंटीचंही बघा.

नेटवर्कचं थोडक्यात. आयटीवाल्यांची भीती खरी आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच पसरला, आणि एक्सपीला तीच आवृत्ती येते. त्यामुळे फोल्डर शेअर व्हावा म्हणून मशीनमधल्या फाइल्स घेणाऱ्या पीसीवर ती चालू करू नका. पीसीला दुसरं लॅन कार्ड, त्याच्या आणि मशीनच्या मध्ये छोटा स्विच, स्थिर आयपी, गेटवे (बाहेरच्या नेटवर्कची वाट) रिकामा. फाइल्स एससीपीआय (मापन उपकरणांना सूचना द्यायची भाषा) कमांडने खेचता येतात, बहुतेक मशीनमध्ये ५०२५ पोर्टवर. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर आपोआप पत्ता देणारं डीएचसीपी मिळालेलं नाही, उगाच केबल बदलत बसू नका. लॅन रिसेट दाबलात तर तुमचा स्थिर आयपी जातो, आधी लिहून ठेवा. आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आयडीएन क्वेरी (मशीनला त्याची ओळख विचारणारी कमांड) टाकून सीरियल नंबर तपासा. आयपींची अदलाबदल होऊन एकदा आमचं सॉफ्टवेअर शेजारच्या बेंचवरच्या मशीनचं रीडिंग वाचत होतं.

तुमची डिस्क अजून फिरतेय तोवर मशीन बंद-चालू करू नका. आधी ऑप्शन्स, लायसन्स की आणि लॅन सेटिंगच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो घ्या, मग कॅलिब्रेशनचं फोल्डर कॉपी करा, इमेज त्यानंतर. मॉडेल आणि शेवटच्या अ‍ॅडजस्टमेंटची तारीख कळवलीत तर आमच्या नोंदींत बघून सांगतो.