चौथ्या भागाबद्दल लिहिताना

प्रिय मुली,

तुझा लेख वाचला. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा चौथा भाग, 'अ फीस्ट फॉर क्रोज', आवडला नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलंस ते फार बरं केलंस. गुळमुळीत मतं वाचायचा मला कंटाळा आहे. पण पुढची दोन पानं "काहीच घडत नाही" हेच फिरवून फिरवून सांगतात. तुला कंटाळा आला, हे मान्य. तो नेमका कुठल्या पानावर आला, ते मला हवंय.

आधीच्या भागांतली मुख्य पात्रं, टिरियन आणि डेनेरिस, इथे नाहीत, जॉन जेमतेम दिसतो, याचा राग तुझ्या लेखात बराच आहे. तो राग तुझा आहे का, हे एकदा तपासून बघ. मार्टिन यांचा तिसरा भाग 2000 साली आला. त्यानंतर कथा एकदम पाच वर्षं पुढे न्यायची, मुलांना मोठं होऊ द्यायचं, असा त्यांचा बेत होता. तो जमेना म्हणून त्यांनी सोडून दिला. मग मजकूर इतका वाढला की एका पुस्तकात मावेना. तेव्हा त्यांनी तो मधोमध न तोडता माणसांप्रमाणे वाटला: निम्म्या पात्रांची गोष्ट या भागात, उरलेल्यांची पुढच्या. हा भाग 2005 साली आला आणि पुढचा थेट 2011 साली. इतकी वर्षं थांबून ज्यांच्या हाती टिरियनशिवायचं पुस्तक पडलं, ते चिडले तर नवल नाही. तू मात्र हा भाग संपवून लगेच पाचवा उघडलास. त्यांचा राग तुझ्या लेखात उसना आला आहे. तो बाजूला काढ आणि मग काय उरतं ते बघ.

आता ब्रिएन, हरवलेल्या सान्साला शोधत निघालेली योद्धी. तिच्या आठ प्रकरणांना तू "नुसती भटकंती" म्हणून एका वाक्यात निकालात काढलंस, आणि इथेच माझं तुझ्याशी जमत नाही. ती गावोगाव विचारत फिरते, तेरा वर्षांची, तांबूस केसांची मुलगी कुणी पाहिली का? ही मुलगी, सान्सा, डोंगरांपलीकडे व्हेल या प्रांतात आहे, केस रंगवून, अलेन या नावाने, हे आपल्याला ठाऊक असतं. ब्रिएनला ती सापडणार नाही, हे पहिल्या प्रकरणापासून कळलेलं असताना लेखक आपल्याला तिच्यामागून का चालवतो? कारण तिच्या वाटेवर जे लागतं तेच त्याला दाखवायचं आहे. जळालेली गावं, झाडांना लटकलेली प्रेतं, पोरक्या मुलांनी भरलेली खाणावळ. तीन भाग आपण राजे आणि सरदार कोण जिंकतो हे वाचत आलो. त्या जिंकण्याची किंमत कुणी मोजली, ते इथे दिसतं.

तिला वाटेत भेटणाऱ्या मेरिबाल्डचं प्रकरण परत वाच. अनवाणी फिरणारा हा धर्मोपदेशक, सोबत एक गाढव आणि एक कुत्रा, कुत्र्याचं नावही कुत्राच. युद्धातून फुटून पळालेली माणसं कशी तयार होतात, हे तो सांगतो. जन्मलेल्या घरापासून कोसभरही लांब न गेलेली पोरं, हातात विळा नाहीतर काठीला बांधलेला दगड, पायात धड जोडे नाहीत, आणि तरी गाणी म्हणत निघालेली. तो बोलत राहतो आणि हळूहळू लक्षात येतं की तो स्वतःचंच सांगतोय. त्या युद्धात त्याने राजा कधी पाहिला नाही. अख्ख्या मालिकेतलं हे सर्वांत मोलाचं पान आहे, असं माझं ठाम मत आहे. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सदसद्विवेकाच्या आधारावर लढायला नकार देणाऱ्या माणसाने ते लिहिलंय, हे कळल्यावर त्याचं वजन आणखी वाढतं.

आपल्याला तर हे नवं नसावं. महाभारतात सौप्तिकपर्व संपतं, सैन्यं संपतात, आणि तरीही आठ पर्वं उरतात. त्यातलं पहिलंच स्त्रीपर्व.

राणी सर्सीबद्दल तू लिहितेस, "आधी धूर्त होती, इथे मूर्ख केली." तिच्या मनात आपण पहिल्यांदा याच भागात शिरतो. आधी तिला इतरांच्या नजरेतून पाहिलं होतं, ते घाबरलेले होते. तिचा एकच व्यवहार घे. सिंहासनावरचं कर्ज माफ व्हावं म्हणून ती धर्मपीठाला पुन्हा शस्त्रं धरायची मुभा देते आणि स्वतःवर खूश होते. पुढे तेच धर्मपीठ तिला कोठडीत टाकतं. हे सगळं तिच्याच डोळ्यांनी दाखवलंय. तिला दिसत नाही आणि आपल्याला दिसतं, हे साधणं सोपं नाही.

डॉर्न आणि लोहबेटं या प्रदेशांतल्या प्रकरणांबद्दलची तुझी तक्रार मात्र रास्त आहे. ती अजिबात काढू नकोस, उलट वाढव. प्रकरणांना नावाऐवजी पदव्या, एकामागून एक नवे निवेदक, आणि त्यांच्याशी ओळख होतेय तोवर पुस्तक संपतं. डॉर्नची राजकन्या आरिआन हिच्या कटासाठी मला अजून पानं चालली असती. लोहबेटांवरच्या व्हिक्टेरियनची होती तीही जास्त वाटली. तुला उलट वाटत असेल तर उलट लिही, पण पान दाखवून लिही.

आणि एक. चौथा-पाचवा भाग एकत्र मिसळून कुठल्या क्रमाने वाचावा, याच्या याद्या वाचकांनी केल्या आहेत. नवख्या वाचकाला त्या सुचवू नकोस. टिरियन परत येईपर्यंत वाट बघणं हाही या भागाचा अनुभव आहे.

या आठवड्यात ब्रिएनची आठही प्रकरणं सलग वाच, मधलं सगळं सोडून. मग लेख नव्याने लिही. तरीही नाही आवडलं, तर तसंच लिही, मी एक शब्द बदलणार नाही. फक्त फासावर ब्रिएन शेवटी ओरडते त्या शब्दाबद्दलचा तुझा अंदाज लेखात घालू नकोस, तो मला वेगळा कळव. माझाही एक आहे.

तुझा,
काका