रात्रीचं एकदाच पितो, म्हणजे पितोच ना गं

«मावशी, मी 31 वर्षांची, सोलापूरची, आयटीत आहे, घरूनच काम. बाळ झाल्यापासून छाती पार उतरलीय, आरशासमोर उभं राहवत नाही. छाती भरून घ्यायच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या एका क्लिनिकशी ऑनलाईन बोलणं झालं, पॅकेज आवडलं, पंधरा हजार टोकन भरलं, बाकी ईएमआय. या महिन्यात केलं तर पोटाचं लायपो, म्हणजे चरबी काढणं, अर्ध्या किमतीत आहे. आता क्लिनिकच्या मॅडम विचारतायत सिलिकॉन की सलाईन की स्वतःची चरबी, स्नायूच्या वर की खाली, मला काहीच कळत नाहीये. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, रात्री एकदाच पितो, ते आधीच्या आठवड्यात बंद करीन. मिस्टर खूप समजूतदार आहेत, म्हणतात तुला हवं ते कर. सासूबाईंना सांगू का नको? - गोंधळलेली»

सासूबाईंचं राहू दे गं आत्ता. ते मधलं वाक्य काय लिहिलंस तू? रात्री एकदाच पितो, आधीच्या आठवड्यात बंद करीन. गॅस सिलिंडर बुक करीन म्हटल्यासारखं लिहून पुढे गेलीस, आणि मी तिथेच थांबले.

आता लगेच, आई असून असा विचार कसा करते वगैरे मी म्हणणार असं वाटत असेल तर नाही, तुझं शरीर आहे, पैसा तुझा आहे, कर ना. पण ज्या छातीचं माप देतेयस ती अजून कामावर आहे बाई. बाळंतपणाच्या महिन्यात कोणी लग्नाच्या ब्लाऊजचं माप देतं का? दूध पूर्ण सुटलं की दूध बनवणारा भाग हळूहळू आक्रसतो, काहींना थोडी चरबी परत धरते, कातडी जमेल तेवढी आवळते, आणि याला महिने लागतात, म्हणून सर्जन लोक दूध तुटल्यावर तीन ते सहा महिने थांबा म्हणतात. आज जे आरशात दिसतंय ते शेवटचं रूप नाहीच आहे, थोडं भरेल किंवा अजून उतरेल, मला माहीत नाही आणि त्या मॅडमना तर नाहीच नाही. शिवाय दूध असताना चिरा द्यायचा म्हणजे इन्फेक्शनची भीती वेगळी, आणि एका आठवड्यात झटक्यात तोडलंस तर दूध साकळून गाठी होऊ शकतात, ताप येऊ शकतो, त्या अवस्थेत पुण्याची गाडी पकडणारेस का?

आणि मला खरी चीड कशाची आली सांगू, तू बाळाला पाजतेस का हे तुला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तारीख दिलीच नसती. म्हणजे तुला अजून डॉक्टरने बघितलेलंच नाही, बरोबर ना? पॅकेज विकणाऱ्या मॅडमने व्हॉट्सॲपवर सिलिकॉन की सलाईन असं विचारलंय, जणू चहा की कॉफी. अगं हे प्रश्न तुझे नाहीतच. सर्जन उभं करून बघतो, गळ्याच्या खाचेपासून निप्पलपर्यंत टेप लावतो, चिमटीत धरून कातडीखाली जाडी किती ते बघतो, वरच्या बाजूला जाडी कमी असली तर इम्प्लांट, म्हणजे ती आत बसवायची पिशवी, स्नायूखाली घालतात नाहीतर कडा दिसतात, आणि निप्पल खालच्या घडीच्याही खाली उतरलं असेल तर नुसतं इम्प्लांट घालून छाती जड होऊन अजून खाली येते, तिथे लिफ्ट, म्हणजे छाती वर उचलून शिवणं, लागते. तुझं पत्र वाचून मला तर वाटतंय तुझा प्रश्न साईझचा कमी आणि उतरण्याचा जास्त आहे. ते फोनवर कळत नाही.

तरी विचारलंयस तर सांगते. स्वतःची चरबी पोटातून काढून भरतात, परकं काही आत राहत नाही, पण त्यातली बरीच शरीर शोषून घेतं, फरक बेताचाच पडतो, कधी गाठी राहतात, आणि वजन स्थिर हवं, जे पाजणाऱ्या बाईचं नसतं. सलाईनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेलं, इम्प्लांट फुटलं तर बसतं, लगेच कळतं. सिलिकॉन हाताला जास्त नैसर्गिक लागतं पण गुपचूप फुटू शकतं, म्हणून अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, म्हणतं की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. लाईफटाईम म्हणतात त्यावर जाऊ नको, आयुष्यभर टिकणारी वस्तू नाहीये ती, बऱ्याच जणींना बदलायला किंवा काढायला परत टेबलावर जावं लागतं, कधी भोवतीचं आवरण कडक होऊन छाती दगड होते म्हणून. खरबरीत पृष्ठभागाचं सांगितलं तर कान टवकार, 2019 मध्ये ॲलरगन कंपनीने आपले त्या प्रकारचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले, एका दुर्मिळ कॅन्सरशी, लिम्फोमाशी, संबंध निघाला होता. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर निप्पलभोवतीचा चिरा शक्यतो नको, दुधाच्या नळ्या तिथेच असतात, खालच्या घडीतला बरा.

त्या अर्ध्या किमतीच्या लायपोवरून आठवलं, 1962 मध्ये ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट जिला बसवलं ती टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची आई, हॉस्पिटलात गेली होती गोंदण काढायला. डॉक्टरांनी विचारलं हे करून बघतेस का, तर ती म्हणाली मला खरं कान नीट करून हवेत, मग कानही करून दिले. कॉम्बो ऑफर तेव्हापासूनची आहे.

तर आता ऐक. या महिन्याची तारीख रद्द कर. आजच. पंधरा हजार बुडाले तर बुडाले. दूध तोडायचंच असेल तर सावकाश तोड, आणि ते समजूतदार मिस्टर आहेत ना, त्यांना रात्री दोनला उठव. तुला हवं ते कर म्हणायला काही लागत नाही, सव्वा वर्षाचं रडणारं पोर खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फिरायला लागतं. बाबाजवळ दुधाचा वास नसतो, पोरं तिथे लवकर मानतात. दूध सुटलं की मोजून सहा महिने जाऊ दे, मग आरशासमोर उभी राहा, तेव्हाही करावंसं वाटलं तर खुशाल कर, मी काही म्हणणार नाही.

फोन आला आणि ऑफर संपतेय म्हणून मागे लागले तर एवढंच विचार की माझे सर्जन कोण, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी अशी पदवी आहे का, मेडिकल कौन्सिलचा नंबर काय, आणि ते स्वतः मला कधी तपासणार. लेखी मागव. काय उत्तर आलं ते मला पण कळव, बघायचंय मला.